खोटेपणाचा शिक्का कोणाच्या हाती? मुंबई उच्च न्यायालयातल्या ‘फॅक्ट चेक युनिट’ खटल्याचा अभ्यास

१७ फेब्रुवारी २०२४, शनिवार. लासलगाव बाजार समितीत कांद्याचा सर्वसाधारण भाव क्विंटलला १,२८० रुपये होता. रविवारी बातमी फिरली की केंद्राने कांद्याची निर्यातबंदी उठवली. सोमवारी तोच भाव १,८०० वर गेला. मंगळवारी केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याच्या सचिवांनी खुलासा केला: बंदी उठलेली नाही, ३१ मार्चपर्यंत ती कायम आहे.

फेब्रुवारीत बाजारात येतो तो लाल कांदा. तो टिकत नाही. कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, भरून ठेवायचा तो उन्हाळ कांदा. म्हणजे बातमी खरी मानून ज्याने दोन दिवस थांबायचं ठरवलं, त्याचा माल तोवर नरम पडणार आणि ज्याने चढ्या भावाने घेतला, त्याचे पैसे अडकणार. चुकीच्या बातमीने माणसाचं खरोखर नुकसान होतं, हे नाशिक जिल्ह्यात कोणाला पटवून द्यावं लागत नाही.

नेमक्या याच महिन्यात, लासलगावपासून सव्वादोनशे किलोमीटरवर, मुंबई उच्च न्यायालयात एक प्रकरण अर्ध्यावर येऊन थांबलं होतं. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दल इंटरनेटवर काही खोटं किंवा दिशाभूल करणारं लिहिलं गेलं, तर ते तसं आहे हे ठरवायचं कोणी, आणि एकदा ठरल्यावर पुढे काय व्हायचं, हा त्यातला प्रश्न. दोन न्यायमूर्तींनी दोन उत्तरं दिली होती. तिसऱ्यांकडे प्रकरण नुकतंच गेलं होतं. डिजिटल माध्यमांचं नियमन सरकार कसं करू पाहतं आणि ते कुठे अडतं, हे समजून घ्यायला याहून चांगलं प्रकरण मला अलीकडच्या काळात दिसत नाही. म्हणून ते नीट मांडतो.

नियमाची रचना

आधी एक पाऊल मागे जावं लागेल. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याचं कलम ७९ असं सांगतं की दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल फेसबुक, यूट्यूब, एक्स यांच्यासारख्या कंपन्यांना जबाबदार धरायचं नाही. एसटी स्टँडच्या भिंतीवर कोणी पत्रक चिकटवलं म्हणून आपण आगारप्रमुखाला आरोपी करत नाही, तसंच. कायद्याच्या भाषेत या कंपन्या ‘मध्यस्थ’, आणि त्यांना मिळणारं हे संरक्षण म्हणजे सेफ हार्बर. अर्थात ते फुकट मिळत नाही. सरकारने घालून दिलेली योग्य ती काळजी कंपनीने घेतली पाहिजे, ही अट आहे. ही काळजी म्हणजे काय, ते नियमांत लिहिलेलं असतं. म्हणून संसदेत न जाता, फक्त नियमांची एक ओळ बदलून, इंटरनेटवर काय राहील आणि काय जाईल यावर परिणाम करता येतो.

हे नियम २५ फेब्रुवारी २०२१ रोजी नव्याने आले. जानेवारी २०२३ मध्ये त्यांत दुरुस्तीचा मसुदा निघाला. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचा, म्हणजे पीआयबीचा, फॅक्ट चेक विभाग जो मजकूर खोटा ठरवेल तो कंपन्यांनी ठेवू नये, असा त्याचा रोख होता. बरीच टीका झाली. ६ एप्रिल २०२३ ला अंतिम दुरुस्ती आली तेव्हा पीआयबीचं नाव गेलेलं होतं. त्या जागी आलं होतं: ‘केंद्र सरकारच्या कोणत्याही कामकाजाबाबत’ जो मजकूर ‘बनावट किंवा खोटा किंवा दिशाभूल करणारा’ आहे असं केंद्र सरकारने अधिसूचनेद्वारे नेमलेलं फॅक्ट चेक युनिट म्हणेल, तो आपल्याकडे राहू नये यासाठी मध्यस्थांनी वाजवी प्रयत्न करावेत.

या वाक्यात कुठेही ‘काढून टाका’ असं लिहिलेलं नाही. सरकारने न्यायालयात वारंवार तेच सांगितलं. पण नियम ७ सोबत वाचला की चित्र पुरं होतं: काळजी घेतली नाही, तर कलम ७९ चं संरक्षण गेलं.

हे कसं घडलं असतं ते एका कल्पित उदाहरणावर पाहू. समजा, एप्रिल २०२४ मध्ये निफाडच्या एखाद्या पत्रकाराने आपल्या यूट्यूब चॅनेलवर सांगितलं, की नाशिकच्या मतदानाआधी निर्यातबंदी उठणार. युनिटने ते ‘दिशाभूल करणारं’ ठरवलं. आता त्या कंपनीच्या कचेरीत बसलेला माणूस काय विचार करेल? व्हिडिओ ठेवला, तर उद्या कोणी खटला भरल्यास कंपनी स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात. काढला, तर निफाडचा एक पत्रकार नाराज. त्या व्हिडिओतून कंपनीला मिळणारं उत्पन्न नगण्य. शंभरातल्या शंभर वेळा तो माणूस व्हिडिओ काढेल. पत्रकाराला नोटीस पाठवण्याची, त्याचं म्हणणं ऐकण्याची, आपण हे का ठरवलं ते लिहून देण्याची कोणतीही सक्ती या नियमात युनिटवर नव्हती.

आणि झालं काय? ३१ मार्चला संपणारी बंदी २२ मार्चला बेमुदत वाढवली गेली आणि ४ मे रोजी, टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य लावून, उठवली गेली. नाशिकचं मतदान २० मेला होतं. आपला कल्पित पत्रकार एप्रिलमध्ये कागदावर चूक होता आणि मे महिन्यात बरोबर.

‘बनावट’ हा शब्द मला कळतो. सचिवाची खोटी सही केलेलं पत्र बनावट असतं. ‘खोटं’ही बऱ्याच वेळा कळतं. पण ‘दिशाभूल करणारं’ हे वाचणाऱ्याच्या मनात काय उतरलं यावर ठरतं. २७ एप्रिल २०२४ ला केंद्राने पत्रक काढलं, की सहा देशांना मिळून ९९,१५० टन कांदा निर्यातीची परवानगी दिली आहे. त्याआधी गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाल्याने महाराष्ट्रात संताप होता, त्यामुळे अनेकांनी हा नवा दिलासा म्हणून वाचला. शेतकरी नेत्यांनी लगेच हरकत घेतली, की ही तर आधीच दिलेल्या परवानग्यांची बेरीज आहे. आकडा खोटा नव्हता. दिशाभूल होती की नव्हती, यावर दोन प्रामाणिक माणसांची दोन मतं होऊ शकतात. त्यातलं एक मत सरकारचं, आणि निवाडाही सरकारनेच नेमलेल्या युनिटचा, ही रचना मला पहिल्या वाचनापासून टोचत आली आहे.

आव्हान आणि दुभंगलेला निकाल

एप्रिल २०२३ मध्येच स्टँड-अप कॉमेडियन कुणाल कामरा यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. आपलं काम राजकीय विडंबनाचं, आणि ते लोकांपर्यंत जातं समाजमाध्यमांतूनच, तेव्हा या नियमाने आपली पोटापाण्याची वाटच बंद होऊ शकते, हा त्यांचा मुद्दा होता. पुढे एडिटर्स गिल्ड ऑफ इंडिया, असोसिएशन ऑफ इंडियन मॅगझिन्स, न्यूज ब्रॉडकास्टर्स अँड डिजिटल असोसिएशन यांच्याही याचिका आल्या. सरकारच्या वतीने सॉलिसिटर जनरल तुषार मेहता उभे राहिले. निकाल लागेपर्यंत युनिट नेमणार नाही, अशी हमी सरकारने दिली आणि ती वेळोवेळी वाढवली.

मुंबई उच्च न्यायालयाला हा विषय नवा नव्हता. याच नियमांतल्या डिजिटल बातमीदारांसाठीच्या आचारसंहितेच्या तरतुदीला ऑगस्ट २०२१ मध्ये इथेच अंतरिम स्थगिती मिळाली होती. ज्येष्ठ पत्रकार निखिल वागळे त्यात एक याचिकाकर्ते होते. आणि त्याही आधी पालघर. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्याबद्दल एका तरुणीला आणि ती पोस्ट ‘लाइक’ केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला अटक झाली. त्या अटकेनंतर दिल्लीच्या श्रेया सिंघल सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ, म्हणजे आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला तुरुंगाची शिक्षा देणारी तरतूद, रद्द झालं. त्याच निकालात न्यायालयाने सांगून ठेवलं, की मजकूर काढण्याची कंपनीची जबाबदारी न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची रीतसर सूचना आल्यावरच सुरू होते, आणि तो मजकूरही घटनेच्या कलम १९(२) मधल्या कारणांत बसला पाहिजे. अभिव्यक्तीवर बंधन घालण्याची ही कारणं मोजकी आहेत: देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, न्यायालयाचा अवमान वगैरे. ‘खोटं असणं’ हे त्या यादीत नाही. कामरा प्रकरणाची सगळी भिस्त इथे आहे.

३१ जानेवारी २०२४ ला न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांच्या खंडपीठाचा निकाल आला आणि तो दुभंगलेला होता.

न्या. पटेल यांनी नियम रद्द ठरवला. सरकार स्वतःच्याच प्रकरणात स्वतःच न्यायाधीश होत आहे, हा त्यांचा एक आधार. दुसरा, जो मला अधिक पटतो: हाच मजकूर छापील वर्तमानपत्रात आला तर त्याला कोणी हात लावत नाही, मग तोच डिजिटल रूपात आला की त्याच्यावर हा शिक्का का? आणि केंद्र सरकारच्याच कामकाजाला हे खास कवच कशासाठी?

न्या. गोखले यांनी नियम वैध मानला. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. खोट्या माहितीपासून लोकांना वाचवण्यात सरकारचा रास्त संबंध आहे. नियमाचा रोख जाणूनबुजून पसरवलेल्या खोट्यावर आहे, टीकेवर किंवा विनोदावर नाही. कंपनी मजकूर न काढता त्यावर ‘हे वादग्रस्त आहे’ अशी सूचना लावू शकते. आणि कोणावर अन्याय झालाच, तर न्यायालयाचा दरवाजा उघडा आहे. गैरवापर होईल या नुसत्या भीतीने नियम पाडायचा का, असा त्यांचा सवाल. लासलगावचे ते दोन दिवस डोळ्यांसमोर ठेवले तर या बाजूचं वजन जाणवतं.

तरी मला ही बाजू एका ठिकाणी अपुरी वाटते. न्यायालयाचा दरवाजा उघडा आहे हे खरं, पण निफाडच्या त्या पत्रकाराने तो ठोठवायचा म्हणजे वकील, मुंबईच्या फेऱ्या आणि काही महिने. बातमीचं आयुष्य दोन दिवसांचं. सूचना लावण्याची मुभा कंपनीला आहे हेही खरं, पण ती वापरायची तर दुसऱ्याच्या मजकुरासाठी स्वतःचं संरक्षण पणाला लावायचं. असं कोण करेल?

मार्च २०२४ चे दहा दिवस

दुभंगलेला निकाल असला की तिसरे न्यायमूर्ती मत देतात. प्रकरण न्या. अतुल चांदूरकर यांच्याकडे गेलं, नागपुरात दीर्घकाळ वकिली केलेले. पण दरम्यान सरकारने आपली हमी पुढे चालू ठेवायला नकार दिला, म्हणून पहिला प्रश्न आला अंतरिम स्थगितीचा. ११ मार्चला न्या. चांदूरकर यांनी ती नाकारली. राजकीय मतं, विडंबन, विनोद यांना हात लावण्याचा हेतू नाही असं सरकार सांगत आहे, आणि तोवर जे होईल ते अंतिम निकालाच्या अधीनच राहील, असा त्यांचा विचार होता. १६ मार्चला लोकसभा निवडणुकीचं वेळापत्रक जाहीर झालं. २० मार्चला केंद्राने राजपत्रात अधिसूचना काढून पीआयबीच्या फॅक्ट चेक विभागालाच हे युनिट म्हणून नेमलं. म्हणजे अंतिम दुरुस्तीतून गेलेलं नाव अकरा महिन्यांनी परत आलं.

दुसऱ्याच दिवशी, २१ मार्चला, सर्वोच्च न्यायालयात तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. मनोज मिश्रा यांच्या पीठाने त्या अधिसूचनेला स्थगिती दिली. नियमाच्या वैधतेवर त्यांनी मत दिलं नाही. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे गंभीर घटनात्मक प्रश्न उच्च न्यायालयासमोर आहेत, ते सुटेपर्यंत युनिट नको, एवढंच. कायदेशीर बळ असलेलं हे युनिट जेमतेम एक दिवस अस्तित्वात होतं. नियम पुस्तकात असूनही निवडणुकीचा सगळा काळ त्याच्याविना गेला.

तिसरं मत

न्या. चांदूरकर यांचं अंतिम मत २० सप्टेंबर २०२४ ला आलं. ज्यांनी सहा महिन्यांपूर्वी स्थगिती नाकारली होती, त्यांनीच नियम घटनाबाह्य ठरवला. यात काही विसंगती नाही. स्थगितीच्या वेळी तोल बघायचा असतो, अंतिम निकालात नियमाचा शब्दन्‌शब्द. सरकारचं तोंडी आश्वासन पहिल्या वेळी पुरलं, दुसऱ्या वेळी नाही, कारण नियमात विडंबनाला सूट दिल्याचा एक शब्दही नव्हता.

त्यांनी न्या. पटेल यांच्याशी सहमती दाखवली: घटनेचं कलम १४ (समानता), १९(१)(अ) (अभिव्यक्तिस्वातंत्र्य) आणि १९(१)(ग) (व्यवसायस्वातंत्र्य) यांचा भंग होतो, नियम मूळ कायद्याच्या कक्षेबाहेर जातो, ‘बनावट, खोटं, दिशाभूल करणारं’ या शब्दांची व्याख्याच नाही. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो यातला एक धागा. नागरिकांना फक्त सत्यच मिळावं असा त्यांचा हक्क आहे आणि तो पुरवणं राज्याचं काम आहे, अशी सरकारची मांडणी होती. न्यायालयाने ती नाकारली. भाषणस्वातंत्र्याच्या पोटात ‘सत्याचा हक्क’ असा वेगळा हक्क नाही, आणि युनिट ज्याला खोटं म्हणणार नाही तेवढीच माहिती नागरिकांना मिळेल हे पाहणं राज्याचं कर्तव्य नाही. ऐकायला हे थोडं कठोर वाटतं. पण उलट मान्य केलं, तर वादाचा प्रत्येक मुद्दा आधी सरकारी दप्तरातून तपासून यायला हवा, असा त्याचा अर्थ निघतो.

२६ सप्टेंबरला खंडपीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने नियम औपचारिकरीत्या रद्द केला.

लासलगावच्या बातमीचं काय झालं, ते इथे आठवायला हवं. ती मोडून काढायला कोणताही व्हिडिओ काढावा लागला नाही. सचिव पुढे आले, स्पष्ट बोलले, आणि बातम्यांतून ते देशभर गेलं. सरकारकडे बोलायला जेवढा मोठा भोंगा आहे तेवढा कोणाकडेच नाही. सरकारने तिथे केलं ते उत्तर देणं. रद्द झालेला नियम त्यापुढे जाऊन समोरच्याचा आवाज बंद होण्याची सोय करत होता. पीआयबीचा फॅक्ट चेक विभाग २०१९ पासून हेच पहिलं काम करत आला आहे: व्हायरल मजकुराचं चित्र, त्यावर लाल अक्षरांत खोटेपणाचा शिक्का, खाली खरी माहिती. ते काम निकालानंतरही चालू राहिलं. बनावट भरतीच्या जाहिराती, योजनांच्या नावाने पैसे उकळणाऱ्या लिंक, यांच्यासाठी ते फार उपयोगी आहे आणि माझ्या गावाकडच्या नातेवाईकांना मी स्वतः ते दाखवतो. त्या शिक्क्याला कायद्याची सक्ती जोडायची का, एवढाच वाद होता.

इतर देशांनी काय केलं, याकडे एक नजर. सिंगापूरचा २०१९ चा कायदा यापेक्षा कडक समजला जातो: तिथे मंत्री स्वतः दुरुस्तीचा आदेश देतो. पण तो आदेश लेखी असतो, कोणतं विधान खोटं आणि का ते त्यात असतं, आणि त्याविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येतं. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने कंपनीवर बंधन घातलं आहे, की मजकूर काढला तर तो टाकणाऱ्याला कारण लिहून द्यायचं आणि दाद मागायची सोय करायची. आपल्या नियमात युनिटवर असं कोणतंही बंधन नव्हतं.

पुढचा टप्पा

नियम गेला, पण त्यामागची पद्धत गेली नाही. ऑक्टोबर २०२४ पासून गृह मंत्रालयाचं ‘सहयोग’ पोर्टल सुरू आहे. सरकारी खाती आणि पोलीस त्यावरून, कलम ७९(३)(ब) चा, म्हणजे सरकारी सूचना येऊनही बेकायदा मजकूर न काढल्यास सेफ हार्बर जातं या तरतुदीचा, आधार घेऊन, कंपन्यांना मजकूर हटवण्याच्या सूचना पाठवतात. एक्स कंपनीने त्याला कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिलं. २४ सप्टेंबर २०२५ ला ती याचिका फेटाळली गेली. श्रेया सिंघल निकाल जुन्या, २०११ च्या नियमांच्या संदर्भातला होता, असं तिथे म्हटलं गेलं. महिनाभरात, २२ ऑक्टोबरला, केंद्राने नियम बदलून सांगितलं, की अशी सूचना आता सहसचिव किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याने (तो नसेल तिथे संचालक दर्जाच्या) द्यायची, पोलिसांत उपमहानिरीक्षक दर्जाच्या खालच्याने नाही, आणि तिच्यात कायदेशीर आधार व कारण लिहायचं. ही सुधारणा स्वागतार्ह आहे, कारण कामरा प्रकरणात जे खटकलं त्यातली एक गोष्ट तरी कागदावर आली. त्याच दिवशी एआयने बनवलेल्या चित्रांवर आणि आवाजांवर ठळक खूण लावायला सांगणारा मसुदाही निघाला. चित्राचा किमान दहा टक्के भाग त्या खुणेने व्यापावा असं त्यात होतं. त्याचीही अंमलबजावणी त्याच किल्लीवर टांगलेली: खूण नाही, तर सेफ हार्बर नाही.

ऑक्टोबरच्या त्या दुरुस्तीत कारण लिहायचं ठरलं, पण ते पोचतं कंपनीकडे. निफाडच्या त्या पत्रकाराचा व्हिडिओ उद्या अशा सूचनेने गेला, तर ती सूचना त्याच्या हातात पडलीच पाहिजे असं बंधन त्या दुरुस्तीने घातलेलं नाही.